मानमोडी

आजीच्या तोंडी हा शब्द दोन ठिकाणी यायचा. खुराड्यातली कोंबडी मान वेळावून गोल फिरायला लागली की ती म्हणायची, "मानमोडी आली गे." आणि जुनं काही सांगताना "मानमोडीच्या साली" म्हणाली, की ते साल माणसांचं असायचं, १९१८ च्या फ्लूच्या साथीचं. लहानपणी माझ्या मनात या दोन्हींची गाठ पक्की बसली होती. एकाच रोगानं आधी माणसं नेली आणि आता तो कोंबड्यांच्या मागं लागलाय, असंच मला वाटायचं.

आमचं गाव बेळगावच्या पश्चिमेला, वेंगुर्ला रस्त्यापासून थोडं आत. भाताची खाचरं, मार्कंडेय नदी, आणि पुढं शिनोळी आली की महाराष्ट्र. घराघरात म्हैस, परसात पाच-दहा कोंबड्या. कोंबड्या बायकांच्या. त्यांचा हिशेब पुरुष विचारत नाहीत आणि बाया सांगत नाहीत. पोराला वही, पाहुण्याला रस्सा, जत्रेला चोळी, सगळं त्या खुराड्यातून निघतं.

आजी मानमोडीनंतर दोन-तीन वर्षांनी जन्मली. तिच्या आधीचे दोन भाऊ त्या साथीत एका आठवड्यात गेले. आजी एवढंच सांगायची, "आईबी तापातच पडली हुती. ती उठून बसली तवर दोघांस्नीबी नेलं हुतं." त्या वाक्याच्या पुढं ती कधी गेली नाही. पुढं सांगण्यासारखं तिच्या आईनंच तिला काही सांगितलं नसावं.

तेव्हा बेळगाव मुंबई इलाख्यात होतं. १९१८ च्या जूनमध्ये मुंबईच्या गोदीवर पहारा करणारे पोलीस शिपाई तापानं पडले, तिथून साथ शहरभर झाली आणि पावसाळ्यात ओसरल्यासारखी वाटली. सप्टेंबरात ती परतली ती घातक होऊन. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात मुंबईत ७६८ माणसं दगावली. त्या वर्षी पाऊसही रुसला होता, पिकं करपली होती, अर्धपोटी माणसं अंथरुणाला खिळली. देशात या साथीनं किती गेले याचा अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत जातो. १९२१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या आधीच्या दशकापेक्षा कमी भरली. असं त्याआधी आणि नंतर कुठल्याच दशकात घडल्याची नोंद नाही.

आमच्या भागाला साथ नवी नव्हती. वीस वर्षांपूर्वी प्लेगनं बेळगाव-धारवाडकडची गावं पोखरून काढली होती. त्यातून लोक एक गोष्ट शिकले होते: उंदीर मरायला लागले की घर सोडायचं आणि माळावर झोपडी घालून राहायचं. प्लेगला तो उपाय लागू पडायचा, कारण उंदीर आणि त्यांच्या पिसवा घरातच राहायच्या. मानमोडी मात्र श्वासातून पसरत होती. झोपडीत दाटीवाटीनं झोपलेल्या घरातल्यांपैकी एक जण खोकला की बाकीच्यांचीही पाळी यायची. माणसांनी शहाणपणानं, मागच्या अनुभवावरून जे केलं असेल ते या वेळी उपयोगी पडलं नसणार. हे मनात आलं की मला आजीची आई दिसते, तापात, दोन पोरांना दोन कुशीत घेऊन निजलेली.

तो रोग कशानं होतो हे तेव्हा डॉक्टरांनाही माहीत नव्हतं. एका जंतूवर आळ होता, तो चुकीचा होता. १९१८ च्या शेवटी अमेरिकेतल्या आयोवा राज्यात डुकरंही तशाच सर्दी-तापानं लोळायला लागली होती. रिचर्ड शोप यांनी डुकरांमधला विषाणू १९३१ मध्ये दाखवून दिला, आणि माणसातला सापडला १९३३ मध्ये, लंडनमध्ये. म्हणजे आजी बारा वर्षांची होईपर्यंत तिच्या भावांना काय झालं होतं याचं उत्तर जगात कुणाकडंच नव्हतं.

आता कोंबड्यांची मानमोडी. मी चौथीत होते. भाताची मळणी उरकली होती, अंगणात तूस पडलं होतं. सकाळी आजीनं खुराड्याचं फळकूट सरकवलं तर रोज झेप घेऊन बाहेर पडणारा कोंबडा आतच बसून राहिला. चोच उघडी टाकून धापा टाकत होता. दुपारपर्यंत दोन कोंबड्या हिरवं पातळ हगायला लागल्या. तिसऱ्या दिवशी पिवळी तलंग मान पाठीवर टाकून आभाळाकडं बघत उलटी उलटी चालायला लागली. पुढं पाऊल टाकायला जायची आणि मागं पडायची.

आजीनं तिला मांडीवर घेतलं. कापसाच्या वातीनं चोचीत थेंब थेंब पाणी सोडलं. चोचीतून चिकट शेंबूड गळत होता, तो तिनं पदरानं पुसला. चुलीचा धूर डोळ्यात गेला तसा त्याच पदरानं तिनं स्वतःचा डोळाही पुसला. हे मी समोर बसून बघितलं, म्हणून पुढचं लक्षात राहिलं. दोन दिवसांनी आजीचा डावा डोळा लालभडक झाला, पाणी गळायला लागलं. आईनं धण्याच्या पाण्यानं धुतला. आठवड्यात डोळा निवळला.

कोंबड्यांच्या त्या रोगाला पशुवैद्यकीय भाषेत राणीखेत म्हणतात. तो फ्लूच्या विषाणूचा नव्हे, दुसऱ्याच घराण्यातला विषाणू. माणसाला त्याची बाधा झालीच तर बहुतेक वेळा डोळा येतो आणि आपोआप बरा होतो. आजीच्या डोळ्याचा अर्थ मला तीस-एक वर्षांनी लागला. पाखराच्या अंगातली एक गोष्ट पदराच्या वाटेनं माणसाच्या अंगात शिरते, हे मी प्रत्यक्ष बघितलं होतं आणि मला कळलं नव्हतं.

सतरांपैकी बारा गेल्या. त्या आम्ही ओढ्यात टाकल्या. पाच अजून दाणा टिपत होत्या. शनिवारी पहाटे आजीनं त्या पाच डालग्यात घातल्या आणि बेळगावच्या बाजारात विकून आली. त्या पैशातून मला दप्तर आलं, निळं, पुढं दोन बक्कल असलेलं.

हे लिहिताना माझा हात जड होतो. आजी कुणाचं वाईट चिंतणारी नव्हती. घरात तिच्या हातचा तोच एक पैसा होता आणि तो डोळ्यांदेखत मरत होता. पण त्या पाच कोंबड्या कुणाच्या तरी खुराड्यात गेल्या असणार. तिथंही एखादी तलंग आभाळाकडं बघत उलटी चालली असणार, आणि एखाद्या बाईनं तिला मांडीवर घेतलं असणार.

फ्लूबद्दल वाचायला लागले ते या आठवणीमुळं. शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून जे समजलं ते मुलांच्या भाषेत मांडायची सवय आहे.

फ्लूच्या ए प्रकारच्या विषाणूचं मूळ घर म्हणजे पाणपक्षी, जंगली बदकं आणि हंस. बदकाच्या आतड्यात तो राहतो, विष्ठेतून पाण्यात उतरतो, त्या पाण्यातून दुसऱ्या बदकात जातो, आणि बहुतेक वेळा बदकाला त्याचा पत्ताही नसतो. बदक आणि विषाणू यांचं हे जुनं जमलेलं आहे. बिघडतं ते तो पाळीव कोंबड्यांत शिरला की. हजारो कोंबड्या एका शेडमध्ये, एकाच रक्ताच्या, एकाच वयाच्या. तिथं त्याला बेत राखून राहायची गरज उरत नाही. एच५ आणि एच७ या जातींचा सौम्य विषाणू अशा गर्दीत जहाल होऊ शकतो आणि दोन दिवसांत शेड रिकामी करतो.

विषाणूला पेशीत शिरायला तिच्या अंगावरचा एक साखरेचा कण धरावा लागतो. पाखरांच्या पेशींवर त्या कणाची जोडणी एका तऱ्हेची, माणसाच्या नाका-घशात दुसऱ्या तऱ्हेची. म्हणून पाखरांचा फ्लू आपल्याला सहजासहजी लागत नाही. पण पाखरांसारखी जोडणी माणसातही दोन जागी आहे: फुप्फुसाच्या तळाशी आणि डोळ्यात. एखाद्याच्या छातीत तो विषाणू खोल उतरला तर न्यूमोनिया करतो, जीव घेतो. तरी खोकल्याशिंकांतून पुढच्याला सहसा देत नाही, कारण नाका-घशात त्याचं बस्तान नसतं. १९९७ मध्ये हाँगकाँगला एच५एन१ हा बर्ड फ्लूचा विषाणू पहिल्यांदा माणसांत आढळला, तेव्हा १८ जण आजारी पडले, ६ गेले, आणि शहरातल्या सगळ्या कोंबड्या मारल्यावर ते थांबलं. आपल्याकडं २०२१ मध्ये हरियाणातला एक ११ वर्षांचा मुलगा दिल्लीत उपचार चालू असताना गेला. देशातला एच५एन१ चा तो पहिला मानवी मृत्यू. त्याच्या जवळच्या कुणाला लागण झाली नाही. माझ्या वर्गातली पोरं त्याच वयाची. ती बातमी मी दोनदा वाचली आणि पेपर मिटून ठेवला.

या विषाणूचे दोन स्वभाव मी वर्गात वह्या घेऊन सांगते. फळ्यावरचा उतारा उतरवून घ्या म्हटलं आणि वही तपासलीच नाही, तर एकाची चूक दुसरा उतरवतो, दुसऱ्याची तिसरा, आणि शेवटच्या बाकापर्यंत उतारा बदलतो. फ्लूचा विषाणू स्वतःच्या नकला अशाच, न तपासता काढतो. म्हणून गेल्या वर्षीची लस यंदा पुरेशी पडत नाही, आणि लशीत कोणते विषाणू घ्यायचे हे जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरात, नव्यानं ठरवते. ती लसही बऱ्याच प्रमाणात कोंबडीच्या फलित अंड्यात वाढवून करतात. खुराड्यातनं आजार येतो असं म्हणणाऱ्याला मी हे मुद्दाम सांगते.

दुसरा स्वभाव अधिक घातक. या विषाणूची जनुकं आठ सुट्या तुकड्यांत असतात, शिवण नसलेल्या आठ पानांच्या वहीसारखी. दोन वेगळे विषाणू एकाच पेशीत शिरले की दोन वह्यांची पानं मिसळतात, आणि बाहेर पडते ती तिसरीच वही, जी आपल्या शरीरानं कधी वाचलेली नसते. १९५७ आणि १९६८ च्या जागतिक साथी अशाच झाल्या, माणसाच्या विषाणूत पाखरांच्या विषाणूची पानं येऊन. डुकराच्या घशात पाखरांसारखी आणि माणसांसारखी, दोन्ही जोडण्या सापडतात. २००९ च्या स्वाइन फ्लूच्या विषाणूत पाखरं, माणसं आणि डुकरं तिन्हींकडची पानं होती.

त्या वर्षी ऑगस्टच्या सुरुवातीला पुण्यात देशातला पहिला बळी गेला आणि आमच्या गावातल्या प्रत्येक घरात फोन वाजायला लागले, कारण प्रत्येक घरातलं कुणीतरी पुण्यात नोकरीला. कन्नड पेपरांत मथळा असायचा, 'हंदी ज्वर', डुकराचा ताप. नावामुळं लोक डुकरांना बघून रस्ता बदलायला लागले. खरं तर त्या साथीत माणूस माणसाला देत होता. उलट नंतरच्या वर्षांत माणसांनीच तो विषाणू जगभर पुन्हा पुन्हा डुकरांना दिल्याचं शास्त्रज्ञांना आढळलं. ही वाट दोन्हीकडून चालू असते, आणि आपण तिच्याकडं नेहमी एकाच टोकाला उभं राहून बघतो.

अलीकडं दोन बातम्यांनी मला विशेष अस्वस्थ केलं. नागपूरच्या गोरेवाडा प्राणी बचाव केंद्रातले तीन वाघ आणि एक बिबट्या एच५एन१ नं गेले. आणि २०२४ च्या मार्चमध्ये अमेरिकेत तोच विषाणू दुभत्या गाईंच्या कासेत सापडला. कच्चं दूध प्यालेली गोठ्यातली मांजरं मेली. धारा काढणाऱ्या माणसांना मुख्यतः काय झालं, तर डोळे लाल. मला आजीचा पदर आठवला. आमच्याकडं दूध उतू जाईपर्यंत तापवतात, आणि उष्णतेनं हा विषाणू मरतो, हा मोठा आधार आहे. तरी धार काढताना हात डोळ्याला लावू नका, एवढं मी मुलांकरवी घरोघर सांगितलं.

आपल्याकडं पाळीव कोंबड्यांत एच५एन१ पहिल्यांदा २००६ च्या फेब्रुवारीत सापडला, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला. लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. तेव्हापासून थंडी आली की लोक आभाळाकडं संशयानं बघतात. गदग जिल्ह्यातल्या मागडीच्या तलावावर पट्टकादंब हंस उतरतात, हिमालय ओलांडून आलेले. घटप्रभेवर धुपदाळच्या बंधाऱ्यालाही थंडीत परदेशी पाखरं येतात. २००५ मध्ये चीनच्या चिंगहाई सरोवरावर याच पट्टकादंबांसह हजारो पक्षी एच५एन१ नं मेले. ते वाहकही आहेत आणि बळीही. जहाल झालेला हा विषाणू शेडमधून त्यांच्याकडं गेला आणि आता त्यांच्याबरोबर फिरतो. पण पाखरू तलावावर उतरतं. तिथून खुराड्यापर्यंत त्याला आणतात ती बहुतेक वेळा आपली माणसं: गाडीची चाकं, न धुतलेले पिंजरे, चपलेला चिकटलेली घाण, आणि शनिवारच्या बाजारातलं डालगं.

जानेवारी २०२१. केरळात बदकं, राजस्थानात कावळे, हिमाचलात पोंग धरणावर पट्टकादंब, परभणीजवळच्या मुरुंब्यात कोंबड्या, बातम्या एकामागून एक येत होत्या. कोरोना ओसरलेला नव्हता. शाळेच्या आवारात विद्यागमचे, म्हणजे कोरोनाकाळासाठी कर्नाटक सरकारनं काढलेल्या योजनेचे, वर्ग चालू होते. एका सकाळी शेजारची काकी परसाच्या दारानं आत आली आणि दार लोटून घेतलं.

"दोन मेल्या गे राती. तिसरी मान टाकलीया. कुणास्नी सांगू नको."

"काकी, डॉक्टरला बोलवूया."

"ते येतील आणि सगळ्याच मारून टाकतील. मारतील खरं मला काय उरलं? चौदा हाईत माझ्या."

'खरं' म्हणजे आमच्याकडं 'पण'. तिच्या त्या 'खरं'पुढं मला बोलता येईना. चौकात एक फलक लागला होता, तो फक्त कन्नडमध्ये होता. काकीला अक्षर ओळखता येत नाही ते सोडा, तिला कुणी वाचूनही दाखवला नव्हता. सातवीतल्या एका मुलाला मी बोलावलं. त्यानं अंगणात उभं राहून वाचलं, 'हक्की ज्वर', आणि काकीकडं वळून म्हणाला, "म्हणजे पाखरांचा ताप, आज्जी." मग पुढचं सावकाश सांगितलं: मेलेल्याला उघड्या हातानं धरायचं नाही, विकायचं नाही, ओढ्यात टाकायचं नाही, खड्डा काढून चुना घालून पुरायचं. ज्या कोंबड्या सरकार मारेल त्यांचे पैसे मिळतील, हे मी सांगितलं. काकीनं विचारलं, "खरंच देतात?" मी हो म्हटलं, आणि मनात आलं की आजीला हे कुणी सांगितलं असतं तर ती शनिवारी बाजारात गेली नसती.

सरकारी नियमानं लागण झालेल्या जागेभोवती एक किलोमीटरच्या आतल्या कोंबड्या मारतात आणि दहा किलोमीटरपर्यंत नजर ठेवतात. त्या रात्री मी नकाशा पसरला आणि कंपासनं काकीच्या खुराड्याभोवती दहा किलोमीटरचं वर्तुळ काढलं. त्याची पश्चिमेकडची कड चंदगड तालुक्यात गेली. तिकडं माझी आत्या राहते, तिच्याही कोंबड्या. अलीकडची माणसं कर्नाटकाच्या पशुवैद्याला कळवणार, पलीकडची महाराष्ट्राच्या. आत्याला मी रात्रीच फोन केला. दोन्हीकडच्या कचेऱ्या एकमेकींना किती लवकर फोन करतात, यावर त्या वर्तुळाचा अर्थ ठरतो, आणि सीमेवर राहणाऱ्यानं ही काळजी स्वतः घ्यायला शिकावं असं मला तेव्हापासून मनापासून वाटतं.

डॉक्टर दुसऱ्या दिवशी आले. राणीखेत आणि जहाल बर्ड फ्लू सुरुवातीला नुसत्या डोळ्यांनी वेगळे सांगता येत नाहीत. त्यांनी हातमोजे घालून नाक-घशाचे आणि विष्ठेचे नमुने घेतले, मेलेल्या दोन्ही पिशवीत बांधल्या. अशा नमुन्यांचा शेवटचा निकाल भोपाळच्या प्रयोगशाळेचा. आमच्या नमुन्यांचा निकाल येईपर्यंत काकी रोज संध्याकाळी खुराडं लावताना मोठ्यानं मोजायची. भिंतीअलीकडं मला ऐकू यायचं. अकरा. दहा. दहा. नऊ.

राणीखेत निघाला. काकीच्या आठ कोंबड्या राहिल्या. आम्ही दोघींनी मिळून गल्लीतल्या सगळ्या खुराड्यांची यादी केली आणि त्या उन्हाळ्यापासून पिलांना लासोटाचे, म्हणजे राणीखेतच्या लशीचे, थेंब द्यायला सुरुवात केली, एक डोळ्यात, एक नाकात. पिलू मुठीत धरायचं काम काकीचं. थेंब आत मुरेपर्यंत ती सोडत नाही. त्या छातीची धडधड बोटांना लागते, ती म्हणते, तवर धरायचं.

ते चौदा-आठचं वर्ष मागं पडलं. परवा भल्या सकाळी मी चहा ठेवला होता. भिंतीवरून तिची हाक आली, गल्लीभर ऐकू जाईल अशी:

"गे बाई, तांबडी काल सांजंपासनं दाणा टिपत न्हाई. मी तिला येगळी डालग्याखाली घातलीया, हात धुतलेत. तेवढा फोन लाव डॉक्टरला."

मी गॅस बंद केला आणि फोन शोधायला लागले.